इतिहास ऐकावा की वाचावा? तासांचा आणि कानांचा हिशेब

शहापूर तालुक्यातल्या शेणव्याहून मुंबईला नोकरीसाठी ये-जा करणाऱ्याचा दिवस उजाडण्याआधीच सुरू होतो. मिळेल त्या गाडीने शहापूर गाठायचे, तिथून आसनगाव स्टेशन, आणि मग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत सुमारे पंच्याऐंशी किलोमीटरांचा लोकल प्रवास. फक्त लोकलचे दोन तास धरले तरी जाऊन-येऊन चार तास झाले. महिन्याला पंचवीस दिवस कामाचे म्हटले, तर वर्षाला १,२०० तास. जागेपणीचा दिवस सोळा तासांचा धरला तर हे पंचाहत्तर दिवस होतात. वर्षातले अडीच महिने डब्यात!

या तासांचे काय करायचे याची उत्तरे लोकलने फार पूर्वीच शोधलेली आहेत. पत्ते, भजन, गप्पा, भाजी निवडणे, पेपर आणि झोप. त्यात आता ऑडिओबुकची भर पडली आहे. स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी २०१७मध्ये भारतात आली आणि मराठी पुस्तके मोबाइलवर ऐकण्याची सवय अनेकांना लागली. ऐकणाऱ्यांचा एक आवडता विषय म्हणजे इतिहास: शिवकाळ, पेशवाई, पानिपत, स्वातंत्र्यलढा. उभ्याने, एका हाताने कडी धरून पाचशे पानांचे पुस्तक वाचता येत नाही, ऐकता येते. वेळ तसाही जाणारच आहे, मग ज्ञान तरी मिळेल, हा त्यामागचा साधा हिशेब.

पण तो हिशेब खरा आहे का? समजा, एखाद्या जाडजूड ऐतिहासिक पुस्तकात दोन लाख शब्द आहेत आणि वाचणारा निवेदक मिनिटाला १३० शब्द वाचतो. ते पुस्तक संपायला साडेपंचवीस तास लागतील. म्हणजे आसनगावकराच्या सहा-सात दिवसांच्या फेऱ्या. मनातल्या मनात वाचणे कथनापेक्षा वेगवान असते. इंग्रजी वाचणाऱ्या प्रौढांवरील १९० अभ्यास एकत्र करून मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९मध्ये मूकवाचनाचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द असा काढला होता. मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतात, शब्द लांब होतात, त्यामुळे हा आकडा तसाच्या तसा उचलता येणार नाही. तरी सरावाच्या वाचकाला तेच पुस्तक बरेच कमी तास घेईल, हे नक्की. प्रश्न असा, की जास्तीचे तास देऊन ऐकल्यावर डोक्यात काय उरते?

मेंदूला काय वाटते?

पहिली बातमी चांगली आहे. अमेरिकेतल्या बेथ रोगोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६मध्ये ९१ पदवीधर प्रौढांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यासाठी निवडलेले पुस्तक नेमके लोकप्रिय इतिहासाचे होते: लॉरा हिलनब्रँड यांचे ‘अनब्रोकन’, दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत सापडलेल्या धावपटूची सत्यकथा. एका गटाने त्यातला भाग ऐकला, दुसऱ्याने वाचला, तिसऱ्याने ऐकता ऐकता वाचला. लगेच घेतलेल्या परीक्षेत आणि दोन आठवड्यांनी पुन्हा घेतलेल्या परीक्षेत तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

मेंदूच्या चित्रांतूनही असेच काहीसे दिसले. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या फात्मा डेनिझ आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये नऊ जणांना त्याच गोष्टी एकदा ऐकायला आणि एकदा वाचायला दिल्या आणि त्या वेळी त्यांचे मेंदू स्कॅन केले. शब्दांच्या अर्थाला प्रतिसाद देणारे मेंदूचे नकाशे दोन्ही वेळा जवळजवळ सारखे निघाले. अक्षरे डोळ्यांतून शिरली काय आणि आवाज कानांतून शिरला काय, अर्थाच्या पातळीवर पोचल्यावर वाट एकच होते.

यात नवल वाटण्याचे कारण नाही. लिपी काही हजार वर्षांची, तीही मूठभरांची. बाकी सगळ्यांनी इतिहास ऐकूनच मिळवला. कीर्तनकाराचा उत्तररंग, शाहिराचा पोवाडा, आकाशवाणीची श्रुतिका ही सारी ‘ऑडिओबुके’च होती. निवेदक बरा असेल तर ऐकणे ही वाचण्याची गरीब बहीण मुळीच नाही.

मात्र दुसऱ्या प्रयोगाची बातमी तितकी चांगली नाही. डेव्हिड डॅनियल आणि विल्यम वूडी यांनी २०१० साली ४८ विद्यार्थ्यांना एका शास्त्रीय विषयावरचा मजकूर दिला. काहींनी तो छापील वाचला, काहींनी २२ मिनिटांचा पॉडकास्ट म्हणून ऐकला. नंतरच्या चाचणीत वाचणाऱ्यांना सरासरी ८१ टक्के गुण मिळाले, ऐकणाऱ्यांना ५९.

एकीकडे बरोबरी, दुसरीकडे बावीस गुणांची दरी. मग खरे काय? व्हर्जिनिया क्लिंटन-लिझेल यांनी २०२२मध्ये अशा ४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा दोन्ही खरे असल्याचे दिसले. सरसकट पाहिले तर वाचणे आणि ऐकणे यांत फरक नगण्य आहे. पण वाचणाऱ्याला आपल्या गतीने वाचू दिले, की तो पुढे जातो. आणि प्रश्न ‘काय घडले’ एवढ्यावर न थांबता ‘यावरून काय निष्पन्न होते’ असा विचारला, की तेव्हाही वाचणारा सरस ठरतो. गोष्ट असेल तर कान पुरतो. युक्तिवाद असेल तर डोळे लागतात.

मागे वळून पाहण्याची सोय

याचे कारण डोळ्यांच्या एका सवयीत आहे. आपण सलग वाचतो असे आपल्याला वाटते, पण वाचताना डोळ्यांच्या दर शंभर हालचालींतल्या दहा-पंधरा मागे जाणाऱ्या असतात. एखादे नाव निसटले, वाक्याचा कर्ता हरवला, की नजर आपोआप मागे सरकते, सापडते आणि पुढे निघते. आपल्या लक्षातही येत नाही. कानाला ही सोय नाही. मोबाइलवर पंधरा सेकंद मागे जाण्याचे बटण असते. पण ठाणे आणि दादरच्या दरम्यान, एक हात कडीला आणि दुसरा पिशवीला असताना ते दाबतो कोण!

इतिहासाच्या पुस्तकात ही अडचण दुप्पट होते. पेशवाई ऐकायला घ्या. बाजीराव दोन, माधवराव दोन. सातारच्या गादीवर शाहूही दोन, आणि कोल्हापूरच्या गादीवर आणखी शाहू. पानावर वंशावळ असते, नकाशा असतो, तळटीप असते. मागच्या प्रकरणात बोट घालून ठेवता येते. ऐकणाऱ्याच्या हाती यातले काहीच नाही. पानिपतच्या मोहिमेत मराठा फौज यमुनेच्या कुठल्या काठाला आणि अब्दाली कुठल्या, हे नकाशाशिवाय नुसत्या कानांनी समजून घेणे जवळजवळ अशक्य आहे. आणि ते समजले नाही तर सदाशिवरावभाऊंची रसद का तुटली, हेही समजत नाही. मग उरतो तो फक्त हळहळीचा भाग.

लक्ष भरकटण्याचा प्रश्न वेगळाच. ट्रिश वराव सुझा आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये बिल ब्रायसन यांच्या विज्ञानाच्या इतिहासावरील लोकप्रिय पुस्तकातले उतारे वापरून तुलना केली. मोठ्याने वाचताना लोकांचे मन सर्वांत कमी भरकटले, ऐकताना सर्वांत जास्त. आणि ऐकलेल्या उताऱ्याची आठवणही सर्वांत कच्ची निघाली. पुस्तक वाचताना मन भरकटले तर पान तिथेच थांबते. ऑडिओबुक थांबत नाही. आपण घरच्या हप्त्याचा विचार करत असतो आणि तिकडे तीन लढाया होऊन गेलेल्या असतात.

वेग वाढवून वेळ वाचवावा, असेही अनेकांना वाटते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एका अभ्यासात (२०२१) विद्यार्थ्यांनी व्याख्यानांचे व्हिडिओ दुप्पट वेगाने पाहिले तरी आकलन फारसे घटले नाही. अडीचपट केल्यावर मात्र घसरले. पण ते विद्यार्थी शांत बसून, फक्त तेवढेच करत होते. डब्यात सव्वापट, फार तर दीडपट ठीक. साडेपंचवीस तासांचे पुस्तक सव्वापट वेगाने साडेवीस तासांत संपते, म्हणजे पाच तास वाचले. त्याहून वेग वाढवून शेवटी ‘संपवले’ एवढेच समाधान उरणार असेल, तर ते पुस्तक सुरूच न केलेले बरे.

गोष्ट रंगते, चूकही रुजते

मराठीत ‘इतिहास ऐकला’ असे म्हणणारा माणूस पुष्कळदा कादंबरी ऐकून आलेला असतो. रणजित देसाईंची ‘स्वामी’, शिवाजी सावंतांची ‘छावा’, विश्वास पाटलांची ‘पानिपत’ ही कादंबऱ्यांची नावे आहेत. त्यांत संवाद लेखकाचे आहेत, मनातले विचार लेखकाचे आहेत, आणि त्यात गैर काही नाही. कादंबरीचा तो हक्कच आहे. पानिपतावर त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी लिहिले तो इतिहास वेगळा आणि कादंबरी वेगळी. छापील पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, प्रस्तावनेत ही ओळख सहसा दिलेली असते. ऑडिओबुकात तीच ओळख पहिल्या मिनिटाला एकदा ऐकू येते आणि मग पंचवीस तास एक भारदस्त आवाज सगळे काही सारख्याच खात्रीने सांगत राहतो. कुठले वाक्य बखरीतले, कुठले पत्रातले, कुठले कल्पनेतले, हे कानाला ओळखू येत नाही.

याचा परिणाम मोजणारा एक प्रयोग आहे. अँड्र्यू बटलर आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये विद्यार्थ्यांना इतिहासाचा अचूक मजकूर वाचायला दिला आणि त्याच प्रसंगावरच्या लोकप्रिय चित्रपटांतली दृश्ये दाखवली. चित्रपटाने जिथे खरा तपशील दाखवला होता तिथे विद्यार्थ्यांची आठवण जवळजवळ निम्म्याने सुधारली. पण चित्रपटाने जिथे इतिहास बदलला होता, तिथे सुमारे निम्म्या वेळा विद्यार्थ्यांनी चित्रपटातली चूकच उत्तर म्हणून लिहिली, अचूक मजकूर समोर वाचलेला असूनही! ‘चित्रपटात चुका असू शकतात’ अशी मोघम सूचना देऊन फारसा उपयोग झाला नाही. ‘अमुक दृश्यातली तमुक गोष्ट खोटी आहे’ असे नेमके सांगितले, तेव्हाच चूक घटली. हा प्रयोग चित्रपटांवरचा आहे, ऑडिओबुकांवरचा नाही. पण रंगवून सांगितलेली गोष्ट स्मरणात कशी घर करते, याचे उत्तर दोन्हीकडे एकच असावे.

घरचे उदाहरण सिंहगडाचे. तानाजी मालुसरे पडले आणि त्यानंतर कोंढाण्याचे नाव सिंहगड झाले, ही गोष्ट महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही येते. तानाजींनी देह ठेवला तो १६७०च्या फेब्रुवारीत. आणि १६६३ सालच्या शिवाजी महाराजांच्या पत्रात त्या गडाचा उल्लेख ‘सिंहगड’ असाच आहे. नाव सात वर्षे आधीचे. तानाजींचे शौर्य त्यामुळे तसूभरही कमी होत नाही, पण नावाची गोष्ट मात्र टिकत नाही. आता हे वाचल्यावरही, पुढच्या महिन्यात कुणी विचारले तर आधी ओठांवर येईल ती जुनीच गोष्ट. ऐकलेली, रंगलेली आणि लहानपणी रुजलेली.

तेव्हा ऐकायला काही निवडताना पहिला प्रश्न हा, की हे पुस्तक कादंबरी म्हणून लिहिलेले आहे की इतिहास म्हणून. कादंबरी असेल तर कादंबरीचा आनंद घ्यावा, त्या तासांची किंमत तेवढ्यावरही वसूल होते. फक्त तिच्या जोरावर वाद घालायला जाऊ नये. इतिहास असेल, तर लेखक आपले आधार सांगतो का, ‘याविषयी मतभेद आहेत’ असे कधी म्हणतो का, हे पहिल्या तासाभरात कळते. ज्याला कधीच शंका येत नाही, अशा निवेदनापासून जरा जपूनच राहावे.

खिडकीतला किल्ला

शहापूर-मुरबाडच्या ऐकणाऱ्याला एक फायदा आहे, जो मुंबईतल्या ऐकणाऱ्याला नाही. डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८मध्ये शाळकरी मुलांना बेसबॉलच्या एका डावाचे वर्णन वाचायला दिले होते. ज्यांना बेसबॉल माहीत होता, ती वाचनात कच्ची असलेली मुलेही, वाचनात पक्की पण बेसबॉल न समजणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली. नवीन माहिती अडकवायला डोक्यात आधीची खुंटी लागते. ती असेल तर एकदा ऐकलेलेही टिकते.

आसनगाव स्टेशनावरून माहुलीचे सुळके दिसतात. १६३६मध्ये निजामशाहीचा बालसुलतान मुर्तझा याला घेऊन शहाजीराजे याच गडावर वेढ्यात अडकले. सोबत जिजाबाई आणि बालवयातले शिवाजी महाराज होते. मोगल आणि आदिलशाही फौजांपुढे शहाजीराजांना तह करावा लागला आणि निजामशाही संपली. १६६५च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत माहुली होता आणि १६७०मध्ये तो मराठ्यांनी परत घेतला. तो डोंगर ज्याने रोज पाहिला आहे, कदाचित चढलाही आहे, त्याच्यासाठी हे प्रकरण नुसते ऐकूनही पुरेल. नकाशा त्याच्या डोळ्यांतच आहे.

मुरबाडकडे नाणेघाट आहे. जुन्नरहून कल्याणकडे उतरणारी सातवाहनकाळची व्यापारी वाट, आणि घाटमाथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख. त्यात यज्ञांच्या आणि दानांच्या याद्या आहेत, आणि भारतातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यातल्या आकड्यांची गणना होते. त्याच तालुक्यात सिद्धगड आहे, जिथे २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. सातवाहनांवर किंवा बेचाळीसच्या लढ्यावर काही ऐकायला घेणाऱ्याने आधी एक रविवार तिथे घालवला, तर पुढच्या वीस तासांची किंमत वाढते. उलट, ज्या प्रदेशाचे, ज्या घराण्याचे एकही नाव ओळखीचे नाही त्याचा पाचशे पानी इतिहास गर्दीत ऐकू नये. आधी एखादी छोटी पुस्तिका, शाळेच्या पुस्तकातला धडासुद्धा चालेल, वाचून घ्यावा आणि मग ऐकावे. सोबत मोबाइलमध्ये नकाशाचा आणि वंशावळीचा एकेक फोटो काढून ठेवावा.

ऐकलेले टिकवण्याची सर्वांत स्वस्त युक्ती मात्र वेगळीच आहे, आणि तिला नकाशाही लागत नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६मध्ये एका गटाला एकच उतारा चार वेळा अभ्यासायला दिला. दुसऱ्या गटाने तो एकदाच अभ्यासला आणि तीन वेळा, पुस्तक मिटून, आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा त्यांना ४० टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. म्हणजे टिटवाळ्यापासून आसनगावापर्यंतचा शेवटचा टप्पा इअरफोन काढून, आज काय ऐकले ते मनाशी आठवण्यात घालवला, तर तो वाया जात नाही. घरी गेल्यावर भाकरी थापणाऱ्या आईला किंवा अभ्यासाला बसलेल्या मुलाला ती गोष्ट सांगितली, तर आणखी उत्तम. सांगताना जिथे अडखळायला होते, तिथे आपण ऐकलेले नसते.

यातूनच पुस्तक चालू ठेवायचे की सोडायचे याचा निकालही लागतो. तिसऱ्या दिवशी, आधीच्या दोन दिवसांतल्या तीन गोष्टी सलग सांगता आल्या तर पुढे ऐकावे. एकही सांगता येत नसेल तर पुस्तक वाईट असेल, निवेदक कंटाळवाणा असेल किंवा आपला डबा फार गजबजलेला असेल. कारण कुठलेही असो, पुढचे वीस तास तसेच जाणार आहेत. पैसे भरले आहेत म्हणून ओढत राहण्यात अर्थ नाही. पैसे गेलेच आहेत, तास अजून हातात आहेत.

आणि कानांचे काय?

आता थोडे शरीराकडे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९मध्ये सुरक्षित ऐकण्यासाठी एक मानक ठरवले. प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास, ही मर्यादा. लहान मुलांसाठी ती ७५ डेसिबल. आवाज दर तीन डेसिबलनी वाढला की मुभा निम्मी होते: ८३ डेसिबलला २० तास, ८६ला १०, ८९ला फक्त पाच. आसनगावकर आठवड्याचे सहा दिवस रोज चार तास ऐकत असेल तर चोवीस तास झाले. ८० डेसिबलच्या आत ते सहज बसतात. ८३वर मात्र बसत नाहीत, आणि ८६वर तर मर्यादेच्या दुप्पट-अडीचपट होतात.

गाडी वेगात असताना, दारे उघडी असताना निवेदकाचा आवाज त्या खडखडाटावर मात करेल इतका वाढवला जातो, आणि धोका नेमका तिथे आहे. गाण्यापेक्षा बोलण्याच्या बाबतीत हे जास्त घडते, कारण गाण्यातला एखादा शब्द बुडाला तर चालतो, पुस्तकातला बुडला की वाक्य जाते. आतल्या कानातल्या केसांसारख्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. कानाला घट्ट बसणारे किंवा बाहेरचा गोंगाट कमी करणारे हेडफोन असतील तर आवाज कमी ठेवता येतो. साधे असतील तर मोबाइलचा आवाज पूर्ण क्षमतेच्या साठ टक्क्यांच्या आत असावा, आणि गाडी स्टेशनात थांबल्यावर जो आवाज पुरेसा वाटतो तोच ठेवावा. गाडीतून उतरल्यावर कानांत शिट्टी वाजल्यासारखे होत असेल, लोकांचे बोलणे दबके वाटत असेल, तर तो कानाने दिलेला स्पष्ट इशारा आहे. पावसाळ्यात भिजल्या कानांत तसाच इअरफोन कोंबला तर बुरशी धरते, ही कोकणपट्टीत कानाच्या डॉक्टरांच्या रोजच्या पाहण्यातली गोष्ट.

दुचाकीवर किंवा रुळ ओलांडताना कानांत पुस्तक नको, हे सांगण्याची खरे तर गरज नसावी. मार्सेल जस्ट यांच्या २००८च्या प्रयोगात, आभासी रस्त्यावर गाडी चालवताना लोकांना वाक्ये ऐकून ती खरी की खोटी हे ठरवायचे होते. मेंदूच्या ज्या भागाला गाडी चालवताना काम असते, तिथली हालचाल ३७ टक्क्यांनी घटली आणि गाडी मार्गिका सोडू लागली. माळशेजच्या वळणांवर एवढी उधारी परवडणारी नाही. हात गुंतलेले आणि डोके मोकळे अशी कामे ऐकण्यासाठी उत्तम: तांदूळ निवडणे, भांडी घासणे, कपड्यांच्या घड्या.

आणखी एक तोलून पाहायची गोष्ट म्हणजे झोप. प्रौढाला रात्री किमान सात तासांची झोप हवी. पहाटे चारला उठणारा रात्री नऊला झोपत असेल तर ठीक. पण परतीच्या गाडीने घरी पोचायलाच साडेआठ-नऊ होत असतील, तर त्याची झोप रोज तास-दीड तास तुटते. अशा माणसाला सकाळी खिडकीची जागा मिळाली असेल तर इतिहास बंद करून डोळे मिटणे हाच त्या तासाचा सर्वांत चांगला उपयोग. झोप पुरेशी नसेल तर ऐकलेले टिकतही नाही.

शेजाऱ्यालाही विसरता येत नाही. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४मध्ये शिकागोच्या लोकलमध्ये काही प्रवाशांना अनोळखी शेजाऱ्याशी बोलायला सांगितले, काहींना गप्प एकटे बसायला. आधी विचारले तेव्हा गप्प बसणेच सुखाचे वाटेल असा अंदाज प्रवाशांनी केला होता. प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचा प्रवास जास्त आनंदात गेला. आपल्याकडे वर्षानुवर्षे ठरावीक गाडीचा, ठरावीक डब्याचा गट असतो. आजारपणात चौकशी करणारा, रक्ताच्या बाटलीसाठी फोन फिरवणारा, मुलीच्या लग्नाला येणारा. रोज कानांत इअरफोन घालून बसणारा हळूहळू या गटाबाहेर पडतो. आठवड्यातले दोन-तीन दिवस ऐकण्याचे आणि बाकीचे माणसांचे, अशी वाटणी करायला हरकत नाही.

ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी मात्र हा सगळा तोलमोल अप्रस्तुत आहे. दृष्टिहीन माणसाला, अक्षरे जुळवताना दमणाऱ्या मुलाला, शाळा लवकर सुटलेल्या आजीला ऑडिओबुक म्हणजे पहिल्यांदाच उघडलेले दार. तिथे तासांचा हिशेब कुणी मांडू नये. फक्त घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट पाहावी. आयुष्यभर पोथी आणि पेपर वाचणारे आजोबा अलीकडे ‘मला ऐकूनच बरे वाटते’ असे म्हणू लागले असतील, तर मोबाइलमध्ये पुस्तक भरून देण्याआधी त्यांचे डोळे तपासून घ्यावेत. कारण पुष्कळदा मोतीबिंदू असते. त्याची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत मोफत होते आणि त्यानंतर ते पुन्हा वाचू शकतात. मग ऐकायचे की वाचायचे, ते त्यांचे त्यांना ठरवता येईल.